केंद्रातून घरी आलेल्या माणसाचे पहिले वर्ष

(कामण येथे शेतकरी व शेतमजुरांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रकावर तीन विषय छापले आहेत. भाताची खरेदी, वनहक्काचे दावे आणि शेवटी 'इतर'. मला बोलायचे आहे ते या 'इतर'वर. मागच्या बैठकीत मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली होती, "माझ्या नवऱ्याला दारू सोडवायला न्यायचं तेव्हा तुम्ही दहा जण आलात, जीप केलीत. त्याला परत आणायला कोणीच आलं नाही. आला तो एकटाच, आणि येतायेता बसूनच आला." सभेत हशा झाला. ती हसली नाही. तिच्या प्रश्नाला मी माझ्या परीने आज उत्तर देणार आहे.

आधी एक हरकत निकालात काढतो. कार्यकर्त्यांपैकीच काहीजण म्हणतात, आपली चळवळ भावाची, जमिनीची. दारू सोडवणे हे बुवा-महाराजांचे आणि समाजसेवकांचे काम. आपण कशाला त्यात पडायचे? मी म्हणतो, कामणमध्ये राहून हा प्रश्न विचारू नये. चिंचोटीपासून भिवंडीकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहा. जिथे भात उभे असायचे तिथे गाळे आणि गोदामे उभी आहेत. मालगाड्यांच्या नव्या रेल्वेमार्गासाठी या पट्ट्यात जमीन गेली, वसई तालुक्यात मुंबई-वडोदरा महामार्गासाठी गेली. ज्याने आयुष्यात दहा हजारांची थप्पी एका जागी पाहिली नव्हती त्याच्या खात्यात एकरकमी मोबदला आला. ज्याच्या घरात आधीच दारू होती त्याचा मोबदला कुठे गेला, हे गावातल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे. जमिनीचा दलाल कधी येतो? माणूस शुद्धीवर असताना येत नाही. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीच्या नावावर परस्पर जाऊ नये म्हणून महसूल कायद्यात १९७४ साली कलम ३६ अ घातले. त्या कलमालाही वळसा घालायच्या वाटा निघाल्या, आणि बहुतेक वाटा गुत्त्यावरून जातात. तेव्हा सातबारा राखायचा असेल तर सही करणारा हात थरथरणारा असून चालणार नाही. माझ्या दृष्टीने हा जमिनीचाच विषय आहे.

दारूबंदीवर आज मी बोलणार नाही. गडचिरोलीत लोकांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली, ती टिकून आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठवली गेली. मतदान घेऊन बाटली आडवी करण्याचा २००८ चा नियम आहे, त्याने परवान्याचे दुकान बंद होते, हातभट्टी होत नाही. यावर बोलायला वेगळी सभा लागेल. दुकान बंद झाले काय आणि चालू राहिले काय, ज्याला व्यसन लागून गेले आहे तो माणूस आपल्यात शिल्लक राहतोच. मी त्याच्याबद्दल बोलतो आहे.

अशी माणसे किती? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी पाच कोटी सत्तर लाखांच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असे त्यात आहे. दारू ज्यांना सुटतच नाही अशा ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळाले, असेही त्यात आहे. म्हणजे केंद्रापर्यंत पोचणारा माणूस आधीच ३८ तला एक. तेवढ्या खटपटीने मिळालेला तो एक आपण एस.टी.च्या थांब्यावरून गुत्त्यावर घालवतो.

असे का होते? आपल्याकडे एक समज पक्का आहे की दारू सोडणे म्हणजे शपथ घेणे. श्रावण पाळणारे पुष्कळ आहेत. महिनाभर थेंब घेत नाहीत, आणि लोक म्हणतात, बघा, मनात आणलं की सोडता येते! पण श्रावणाच्या आदल्या दिवशी गटारी आहे आणि श्रावण संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली आहे. ज्याला ती तारीख माहीत आहे तो थांबलेला असतो, सुटलेला नसतो. उपचार केंद्रातल्या महिन्याचेही अनेकांच्या बाबतीत असेच होते. आत दारू नाही, पैसे नाहीत, दोस्त नाहीत, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. शरीर सावरते. घरचे म्हणतात, गुण आला. पण बाहेरच्या जगात न पिता एक दिवस काढायचा कसा, याचा सराव त्याला झालेलाच नसतो. त्यात अनेक वर्षे पिणाऱ्याचा मेंदू महिन्यात पूर्ववत होत नाही. झोप, राग, आठवण, घाई या गोष्टी जागेवर यायला कित्येक महिने जातात. तेवढा काळ हा माणूस वरून धडधाकट आणि आतून ओला असतो.

वीटभट्टीवरच्या एका गड्याचे सांगतो. नाव सांगत नाही, आणि तो कामणचाही नव्हे. दिवाळीनंतर भट्टीवर जाणारा, पावसाआधी परतणारा. बायकोने दागिना मोडून त्याला केंद्रात ठेवले. महिन्याने आला तो हसत आला, पोराला खांद्यावर घेऊन गावभर फिरला. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी मुकादम आला, पुढच्या हंगामाची उचल घेऊन. उचल नाही घ्यावी तर खायचे काय? घेतली, तर ती मोजून देण्याची जागा कोणती? गुत्त्यासमोरचा बाक! पुढे भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते ती बाजाराच्या दिवशी, आणि बाजाराच्या दिवशी सगळी भट्टीच पिते. या माणसात इच्छाशक्ती कमी होती असे म्हणणाऱ्याने त्याच्या जागी एक हंगाम काढून दाखवावा.

मी शेतीचा पदवीधर, म्हणून मला हे शेतीतून समजते. वसईच्या केळीचे दिवस तुम्हाला आठवतात. आता जळगावकडे केळीची टिश्यूकल्चरची रोपे लावतात. ते रोप प्रयोगशाळेत बाटलीत वाढते. आत ऊन नाही, वारा नाही, रोग नाही, अन्न आयते. दिसायला हिरवेगार. ते रोप बाटलीतून काढून थेट शेतात लावा, दुसऱ्या दिवशी मान टाकते. म्हणून त्याला आधी काही आठवडे दमट हरितगृहात ठेवतात, मग काही आठवडे जाळीच्या सावलीत. पाणी थोडे थोडे कमी, ऊन थोडे थोडे जास्त. रोपवाटिकेत याला हार्डनिंग म्हणतात. रोप मेले तर कोणी रोपाला शिव्या घालत नाही, हार्डनिंग कोणी चुकवले ते विचारतात.

माणसाच्या हार्डनिंगची जागा म्हणजे केंद्र आणि घर यांच्या मधले घर. इंग्रजीत हाफवे हाऊस म्हणतात. मी आपला मधले घर म्हणतो.

आता महाराष्ट्रात काय आहे ते पाहू. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदत देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झाले. ते उभे केले डॉ. अनिता अवचट यांनी. १९९७ ला त्या गेल्या, काम चालू राहिले. मुक्तांगणमधली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की तिथले कितीतरी समुपदेशक आणि कर्मचारी एकेकाळचे तिथलेच रुग्ण आहेत. बरा झालेला माणूस तिथे कामाला लागतो, म्हणजे बरा राहतो आणि दुसऱ्याला धरतो. रुग्णाच्या बायकोकडेही तिथे उपचाराचा भाग म्हणून पाहतात, बिल भरणारी म्हणून नव्हे. आपल्या जवळचे नाव म्हणजे कृपा फाउंडेशन. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून ते सुरू केले. त्यांचे एक केंद्र आपल्या वसईतही आहे. आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे ए. ए. च्या सभा. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरायला सुरू केलेली ही रीत. फी नाही, नाव विचारत नाहीत, वर्गणी ज्याने त्याने खुशीने टाकायची. आपल्याकडे माळ घातलेला माणूस का टिकतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ए. ए. समजावून सांगावी लागत नाही. तुळशीच्या मण्यांत औषध नसते. रोज संध्याकाळी, नेमक्या पिण्याच्या वेळेला, टाळ हातात घेऊन बसलेली चार माणसे त्याची वाट पाहत असतात, आणि तो आला नाही तर विचारायला घरी येतात.

म्हणजे उपचाराचा महिना आहे, आठवड्याची सभा आहे. नाही ते राहायचे घर. ज्याचे स्वतःचे घर शांत आहे, घरात कोणी पीत नाही, त्याला मधल्या घराची गरज नाही. त्याने घरीच जावे. गरज कोणाला? ज्याचा सख्खा भाऊ हातभट्टी लावतो त्याला. ज्याची खोली गुत्त्याच्या भिंतीला भिंत लावून आहे त्याला. ज्याला बायकोने, तिच्या बाजूने योग्यच, दार बंद केले आहे त्याला.

अशी घरे कोण चालवते? पैसेवाली संस्था पाहिजे, डॉक्टर पाहिजे, सरकारी अनुदान पाहिजे, असे आपण लगेच म्हणू. अमेरिकेतली एक हकिगत ऐका. मेरीलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग नावाचे गाव आहे. तिथे १९७५ साली सरकारी पैसे आटले आणि दारू सोडलेल्यांचे एक मधले घर बंद व्हायची वेळ आली. आतल्या माणसांनी ठरवले, घर आपणच भाड्याने घेऊ. व्यवस्थापक नाही, पगारी माणूस नाही. नियम तीनच. कारभार घरातल्यांनी मतदानाने करायचा. खर्च घरातल्यांनी वाटून भरायचा. जो पुन्हा प्यायला त्याने ताबडतोब घर सोडायचे. बाकी राहायला मुदत नाही, भाडे भरा आणि कोरडे राहा. या घरांना ऑक्सफर्ड हाऊस म्हणतात, आणि आज अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत. घरातले पदाधिकारी सहा महिन्यांनी बदलावेच लागतात. (आपल्या सहकारी संस्थांनी एवढा एकच नियम उचलला असता तर!)

हे चालते का, याची परीक्षाही झाली आहे, आणि ती परीक्षा माझ्या ओळखीची आहे. कॉलेजात आम्हाला शिकवायचे की नवे वाण चांगले की जुने, हे ठरवायला वाफे चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यावेत, म्हणजे चांगली जमीन मुद्दाम एकाच वाणाला जात नाही. शिकागोच्या लिओनार्ड जेसन यांनी माणसांच्या बाबतीत तेच केले. उपचार संपवून बाहेर पडणारे १५० जण घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. निम्मे ऑक्सफर्ड हाऊसमध्ये, निम्मे नेहमीप्रमाणे घरी किंवा जिथे जायचे तिथे. दोन वर्षांनी पाहिले. घरी गेलेल्यांत शंभरात सुमारे ६५ जण पुन्हा नशेकडे वळले होते, ऑक्सफर्ड हाऊसवाल्यांत ३१. महिन्याची कमाई नेहमीच्या गटाची सरासरी ४४० डॉलर, ऑक्सफर्ड हाऊसवाल्यांची ९८९. हे निष्कर्ष २००६ साली छापून आले. अमेरिकेतला आकडा कामणला तसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही. बियाणे कुठलेही असो, आपल्या मातीत चाचणी घ्यावी लागते. पण ज्या वाणाने तिकडे एवढा फरक दाखवला ते चार गुंठ्यांत लावून पाहायला काय हरकत आहे?

त्याच देशातली दुसरी बाजूही सांगतो. अॅरिझोना राज्यात २०२३ साली बाहेर आले की दारू सोडवण्याच्या नावाखाली घरे काढून तिथल्या मूळ आदिवासींना गाड्यांत भरून आणले जात होते, आणि त्यांच्या नावावर सरकारी विम्याचे पैसे उकळले जात होते. उपचार नाहीच, काही घरांत दारू चालू होती. आपल्या देशातही व्यसनमुक्तीची पाटी लावून आत साखळ्या आणि पट्टे वापरणाऱ्यांच्या बातम्या अनेक राज्यांतून येतात. तेव्हा जिथे माणसाला भेटू देत नाहीत, कागद दाखवत नाहीत आणि बाहेर पडू देत नाहीत, तिथे कितीही शिफारस असली तरी माणूस ठेवू नका.

आणखी एक सांगायला हवे. जाहिराती येतात, 'न सांगता दारू सोडवा'. पूड जेवणात कालवा, त्याला कळणारही नाही. त्या पुडीत काय आहे हे पुष्कळदा विकणाऱ्यालाही माहीत नसते. दारूशी न जुळणारे औषध माणसाला न सांगता दिले आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेतू शकते. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एके दिवशी तिरीमिरीत एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते, कधी माणूस दगावतो. त्याला देवीसमोर शपथ घालून खोलीत कोंडू नका, दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री काय करावे ते कळले नाही तर १४४४६ हा सरकारी फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

कायद्याचे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि इतर नशेमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. हाफवे होमची सोय ही सरकारने द्यायच्या सेवांमध्ये त्याच कायद्यात लिहिलेली आहे. म्हणजे आपण मागतो ते दान नव्हे. दारूवरचा कर तिजोरीत जाताना सरकारला लाज वाटत नाही, मग आपल्याला घर मागताना का वाटावी? हा ठराव आज लिहून घेऊ आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पालघरला देऊ. पण जिल्हा होऊन दहा वर्षे उलटली, इथल्या साध्या मागण्या किती लवकर पुऱ्या होतात ते आपण जाणतो. ठरावाच्या उत्तराची वाट पाहत बसणाऱ्यांपैकी मी नाही.

म्हणून हिशेब मांडतो. आकडे समजुतीपुरते आहेत, खरे भाडे चौकशी करूनच कळेल. समजा दोन खोल्या आणि पडवीचे घर महिना नऊ हजाराला मिळाले. सहा माणसे राहिली तर प्रत्येकी दीड हजार. जो माणूस रोज दीडशेची पीत होता तो महिन्याला साडेचार हजार गुत्त्याला देत होता. भाडे आणि तेल-तांदूळ त्यातच भागतात. अनामत रक्कम तेवढी आपल्याला उभी करावी लागेल, आणि ती देणगी न समजता उसनी समजू, घर तिची फेड करील. अमेरिकेतही पुढे राज्यांनी असेच केले. नवीन घराला चार हजार डॉलरपर्यंत कर्ज, दोन वर्षांत फेड, फेडलेले पैसे पुढच्या घराला.

खरा प्रश्न कामाचा आहे. गाळ्यांतले काम पाळ्यांचे असते, पण पगार खात्यात येतो, ही गोष्ट आपल्या फायद्याची. भट्टीची उचल पहिले वर्षभर नको, हे घराच्या नियमातच लिहावे लागेल. त्याऐवजी आपल्यातले जे भाजीपाला करतात त्यांनी मजूर घेताना या घराकडे आधी पाहावे आणि मजुरी आठवड्याला खात्यात भरावी. ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे अशा कोणी अर्धा एकर रब्बीपुरता दिला तर वाल, वांगी, मिरची मी स्वतः उभी करून देतो. संध्याकाळी पाणी घालण्याचे काम मी मुद्दाम सुचवतो आहे. सहा ते आठ ही वेळ सगळ्यात वाईट.

पहिल्या वर्षी हळदीला जायचे नाही. यावर कुरकुर होणार, हे मला माहीत आहे. आपल्या भागात लग्नाला नाही आला तर चालते, हळदीला नाही आला तर वैर धरतात. भावकीने तेवढे सोसावे. त्याच्या घरचा आहेर बायकोच्या हाती घ्यावा आणि विषय संपवावा.

एक वाद आपल्यातच आहे. जो पुन्हा प्यायला त्याला त्याच रात्री बाहेर काढायचे का? काहीजण म्हणतात, ही निर्दयता. मी काढण्याच्या बाजूने आहे. एकाने बाटली आत आणली आणि पाच जणांनी पाहिली, तर रात्रीत सहा जण जातात. पण काढायचे म्हणजे रस्त्यावर टाकायचे नव्हे. कोणीतरी एकाने त्याला दवाखान्यात किंवा केंद्रात सोडून यायचे, आणि तो पुन्हा कोरडा झाला की त्याचा अर्ज घरातल्या पाच जणांपुढे ठेवायचा. पुन्हा पिणे हे या आजारात पुष्कळदा होते. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला गावाबाहेर काढत नाही.

आणि शेजाऱ्यांची हरकत. "दारुड्यांचे घर आमच्या आळीत नको," असे दोघा-तिघांनी मला तोंडावर सांगितले. त्यांना मी विचारतो, आता तुमच्या आळीत दारुडे नाहीत का? फरक एवढाच की आत्ता ते पितात आणि रात्री ओरडतात, या घरातले पिणार नाहीत आणि नऊला झोपतील. तरी हरकत असेल तर त्या लोकांनी महिन्यातून एकदा घरात येऊन चहा घ्यावा, वही पाहावी, माणसे पाहावीत.

दोन गोष्टी मी ठरवल्या नाहीत आणि ठरवणारही नाही. माणसाने घरी रात्री मुक्कामाला कधीपासून जायचे, आणि त्याच्या मजुरीतला किती भाग घरखर्चाला जायचा. या दोन्ही गोष्टी त्यांच्या बायका ठरवतील. त्यासाठी त्यांची बैठक वेगळी घ्यावी लागेल, आमच्यापैकी कोणी पुरुष तिथे नको. मागच्या वेळी उठून बोललेली बाई आज आली आहे. बैठक कुठे आणि कोणत्या वारी घ्यायची ते तिने सांगावे, म्हणजे त्या दिवशीची मजुरी कोणाची बुडणार नाही.

कामण रोड स्टेशनच्या बाजूला एक घर रिकामे आहे असे कळते. दिव्याच्या गाड्या मोजक्याच असल्या तरी वसईच्या सभेला जाऊन यायला ती जागा बरी. घरमालकाकडे उद्या संध्याकाळी जायचे आहे. माझ्याबरोबर कोण येणार ते चहाच्या वेळी सांगा.